काठ मोकळा कोणी ठेवला?

“रस्ता सुंदर आहे हो, फक्त तो वास नसता तर!” उत्तनहून गोराई-मनोरीकडे गाडीने फिरून आलेल्या एका स्नेह्यांचे हे वाक्य काही केल्या मनातून जाईना. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा ओलांडत रविवारी समुद्राकडे निघालेल्या कितीतरी गाड्यांत तेच म्हटले जात असेल.  मला बोलायचे आहे ते त्या वासाबद्दल.

तो वास बोंबलाचा. ताज्या बोंबलात पाणी इतके की तो टिकत नाही. म्हणून इथल्या बायका दोन-दोन मासळ्यांचे जबडे एकमेकांत अडकवून त्या बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांवर वाळत घालतात. त्याला ऊन हवे, खारा वारा हवा आणि मुख्य म्हणजे आडोसा नसलेली ऐसपैस जागा हवी. गाडीतून ज्या मोकळ्या काठाचे कौतुक होते, तो काठ बायकांच्या या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या मोकळा राहिला आहे. काहींना किनारा देखावा म्हणून दिसतो, काहींसाठी तो घराचे अंगण असतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

स्नेह्यांना हे पटले नाही. काठ राखला तो सीआरझेडने, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांनी, असे त्यांचे म्हणणे. असेल; पण त्याची पहिली अधिसूचना 1991 ची, आणि मासळी त्याआधीही इथेच वाळत होती. शिवाय कोणाचे तरी रोजचे पोट ज्या जागेवर अवलंबून असते, तिथेच नियम मोडला की लगेच आरडाओरड होते. उत्तन-विरार सागरी सेतू झाला की वासाशिवाय समुद्र पाहता येईल, हा त्यांचा दुसरा मुद्दा. त्याचे मला खरोखर दुःख झाले. इथले मच्छीमार बोंबलासाठी वापरतात ते डोल जाळे बोटीमागून ओढत नेत नाहीत. भरती-ओहोटीच्या ओढीकडे तोंड करून ते एका जागी बांधून ठेवतात, आणि मासळी प्रवाहाबरोबर आत येते. त्या पाण्यात खांब उभे राहिले तर प्रवाहाचे आणि जाळ्याच्या जागेचे काय होईल, ही मच्छीमारांची भीती आहे. त्यांचा विरोध त्यातूनच आलेला आहे.

म्हणून हा जुना अरुंद रस्ता आहे तसाच राहावा, असे मी लिहिणार होतो. पण लिहिताना ते टिकेना. याच रस्त्याने बर्फ येतो, मासळीचा टेम्पो भाईंदरच्या बाजारी जातो, अडलेली बाळंतीण दवाखाना गाठते. रविवारच्या रांगेत हे सगळेच खोळंबते. अरुंद वाटेची गोडी फिरायला येणाऱ्याला; गावाला तिचा काच. मग गावाला देखावा समजणाऱ्यांत मीही आलोच की!

तेव्हा रस्ता रुंद होऊ द्या. मात्र त्याआधी मासळी वाळवण्याच्या जागा मोजून गावांच्या हक्काच्या म्हणून नोंदवा. सुट्टीच्या दिवशी बाहेरच्या गाड्या उत्तनच्या अलीकडे थांबवून पुढे बस सोडा, आणि सकाळी पहिली वाट मासळीच्या टेम्पोला द्या.