नाकारता येईल अशी दया

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेला एक शंका दीडशे वर्षं चिकटून आहे. 1876 ते 1878च्या दुष्काळात मिशनच्या लोकांनी भुकेल्यांना मदत केली, अनाथ पोरं सांभाळली, आणि पुढच्या काही वर्षांत महार-मांगांच्या वस्त्यांमधून बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या वाढली. तेव्हापासून 'पोटासाठी बाटले' हे दोन शब्द गावागावांत तयार असतात. ते उच्चारणाऱ्याने बाप्तिस्मा घेणाऱ्यांचं पोट रिकामं कोणामुळे होतं, हे सहसा विचारलेलं नसतं. तरीही ही शंका झटकून टाकण्याइतकी पोकळ नाही. भुकेल्याच्या हातात भाकरी देणारा त्याच वेळी त्याच्या आत्म्यावर हक्क सांगू लागला, तर ती दया राहत नाही, व्यवहार होतो. म्हणून मला ख्रिस्ती करुणेची एकच कसोटी खरी वाटते: घेणाऱ्याला देणारा नाकारता येतो का? मदत घेऊन, देणाऱ्याच्या देवाकडे पाठ फिरवून, मान ताठ ठेवून त्याला निघून जाता येतं का? येत असेल, तर ती करुणा आहे. आणि हे स्वातंत्र्य फक्त देणाऱ्याच्या मनाच्या मोठेपणावर सोडून चालत नाही, त्यासाठी घेणाऱ्याच्या पायाखाली स्वतःची जमीन लागते. करुणेला न्यायापर्यंत जावं लागतं ते इथे.

ही कसोटी बाहेरून आणलेली नाही, ती शुभवर्तमानातच आहे. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परत येतो. येशू उरलेल्या नऊ जणांबद्दल विचारतो, पण त्यांचं बरेपण काढून घेत नाही. चांगला शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, दोन दिनार मोजतो, वर खर्च झाला तर परत येताना देईन म्हणतो आणि वाटेला लागतो. त्या जखमीने पुढे कोणत्या डोंगरावर उपासना केली, याची कथेला फिकीर नाही. येशू श्रीमंत तरुणाकडे प्रेमाने पाहतो, पण तो खिन्न होऊन निघून जातो तेव्हा त्याला अडवत नाही. यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो: मग त्यात ख्रिस्ती काय उरलं? ही नुसती माणुसकीच झाली. मला वाटतं, माणुसकी आणि ख्रिस्ती श्रद्धा यांच्यामध्ये कुंपण घालण्याची घाई श्रद्धेलाच नडते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी उजवीकडे उभ्या राहिलेल्यांना आपण प्रभूला जेवू घातलं हे ठाऊकच नसतं. त्यांनी भुकेलेला माणूस पाहिला, एवढंच. याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या माणसाला तर हे समजायला अवघड जाऊ नये. जन्माने मुसलमान असलेल्या, 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या शेख महंमदांना या गावाने संत मानलं ते त्यांची भक्ती पाहून. धर्म बदलल्याचा दाखला त्यांच्याकडे कोणी मागितला नाही.

श्रीगोंद्याहून भीमा ओलांडली की दौंड तालुक्यातलं केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. ही कसोटी कशी अवघड होते, ते रमाबाईंच्या कामात दिसतं. 1889 साली मुंबईत सुरू झालेलं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलेलं शारदा सदन विधवांसाठी होतं, आणि तिथे धर्माची सक्ती नसेल असं ठरलेलं होतं. 1893 मध्ये, रमाबाई मुलींना ख्रिस्ताकडे ओढतात, असा बोभाटा झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पण त्याच 1893 साली सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, गोदूबाई, शिकून, ख्रिस्ती न होता बाहेर पडली आणि धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. ज्या सदनावर बाटवण्याचा आरोप होता, त्याच सदनाने दिलेल्या बळावर एक विधवा देणारीचा धर्म बाजूला ठेवून स्वतःच्या वाटेने गेली. टीकाकारांना हे उदाहरण दिसलं नाही, कदाचित पाहायचं नव्हतं. मात्र याचा दुसरा भाग मिशनच्या बाजूच्यांनीही ऐकला पाहिजे. 1896-97च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका वाचवून केडगावला आणल्या. त्यातल्या बहुतेकींना परतायला घरच नव्हतं. अशा मुलीने दिलेला होकार कितपत मोकळा मानायचा? रमाबाईंच्या हेतूवर संशय घ्यायची गरज नाही. त्यांनी आणल्या नसत्या तर त्यातल्या कितीतरी जगल्याच नसत्या. पण गोदूबाईला 'नाही' म्हणता आलं, कारण तिच्यापुढे आणखी एक दार उघडं होतं. केडगावच्या पोरींपुढे ते नव्हतं. हेतू तोच, देणारी तीच, तरी दोन्ही मदतींचं वजन वेगळं. फरक घेणारीच्या परिस्थितीत होता, आणि म्हणून परिस्थिती बदलणं हे दयेच्या बाहेरचं काम म्हणून सोडून देता येत नाही.

हे सर्वांत स्पष्टपणे ओळखलं ते याच जिल्ह्यात काम केलेल्या दोन डॉक्टरांनी. रजनीकांत आणि मेबल आरोळे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकून नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करत होते. बरे होऊन गेलेले रोगी तेच आजार घेऊन परत येतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. औषध देणं ही दया होती, पण घाण पाणी, भूक आणि गावकुसाबाहेरची वस्ती जशीच्या तशी होती. पुढचं शिक्षण घेऊन 1970 साली ते जामखेडला आले. त्यांनी गावांना स्वतःतून बायका निवडून द्यायला सांगितलं. त्यात दलित बायका होत्या, अक्षरओळख नसलेल्या होत्या, परित्यक्ता होत्या. त्यांना बाळंतपण, लसीकरण, आहार, कुष्ठरोगाची लक्षणं शिकवली. प्रकल्पाच्या गावांत सुरुवातीला हजारी पावणेदोनशेच्या आसपास असलेला अर्भकमृत्यूचा दर पुढच्या दोन-अडीच दशकांत तिशीच्या खाली आला. 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा जगाने याकडे आरोग्याचा प्रयोग म्हणून पाहिलं. मला त्यातला धर्मविचार जास्त मोलाचा वाटतो. दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी पाण्याच्या जागा दलित वस्तीत निवडल्या. पाणी हवं तर सवर्णांनी तिथे यायचं. कोणालाही उपदेश केला नाही, कोणाचा बाप्तिस्मा मागितला नाही, आणि तरीही गावातल्या विटाळाच्या कल्पनेवर घाव घातला. आरोळे दांपत्य स्वतःची श्रद्धा लपवत नव्हतं. पण सुईण म्हणून गावभर मान मिळालेल्या बाईला आता डॉक्टरांचीही पूर्वीइतकी गरज राहिली नाही. तिला त्यांना नाकारता येत होतं. माझ्या मते या जिल्ह्यातली ख्रिस्ती करुणा तिथे सर्वांत पुढे गेली.

इथे सर्वांत बोचरा आक्षेप धर्मांतरविरोधकांचा नाही, बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या अवस्थेवर लिहिताना त्यांनी मिशनऱ्यांना धारेवर धरलं. शाळा-दवाखान्यांवर पैसा ओतला, पण त्याचा मोठा लाभ वरच्या जातींनी घेतला. ज्या अस्पृश्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यावरचा अन्याय दूर करण्यासाठी मिशनं झगडली नाहीत, आणि ख्रिस्ती झालेल्यांच्या मनातली जात तशीच राहिली. यावर मिशनरी सिंथिया फॅरारबाईंच्या नगरमधल्या मुलींच्या शाळा पुढे करून उत्तर देण्याचा मोह होतो, कारण जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या आणि सावित्रीबाईंनी तिथे अध्यापनाचं शिक्षण घेतलं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही, कारण ख्रिस्ती झालेल्या दलितांवरचा अन्याय पुढेही चालूच राहिला. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. हा अन्याय राज्यव्यवस्थेचा, पण त्याविरुद्ध बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांना आधी स्वतःच्या घरातली जात मान्य करायला फार वेळ लागला. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचं धोरण काढलं ते 2016 साली. फासेपारध्यांच्या बाबतीत तर हिशेब आणखी कडू आहे. इंग्रजांनी ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांना कोंडण्याच्या वसाहतींपैकी काहींचा कारभार मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनी पत्करला होता. तिथे शिवणकाम, विणकाम, प्रार्थना सगळं होतं, फक्त निघून जाण्याची मुभा नव्हती. दया मनापासूनची असूनही तुरुंगाच्या उपयोगी पडू शकते, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको. श्रीगोंद्याच्या माळावर आजही कुठे चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा ज्याचं पाल उलथवतात, त्या पारध्याला मंडळीने ब्लँकेट द्यायचं की त्याच्या जामिनासाठी उभं राहायचं, हा प्रश्न त्या इतिहासातून येतो.

'मंडळीचं काम आत्म्याचं. मजुरी, करार, जामीन हे राजकारण', असं अनेक भाविक मनापासून म्हणतात. याकोबाच्या पत्रात मात्र शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडत जाते. श्रीगोंद्यात हे वाचताना अर्थ शोधायला लांब जावं लागत नाही. दिवाळीच्या सुमाराला पाथर्डी आणि बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. आजारी पडलं तरी खाडा धरून पैसे कापले जातात. उचल हीसुद्धा एका अर्थी मदतच असते, लग्नाला, दवाखान्याला, हातउसनं फेडायला. फक्त ती नाकारता येत नाही आणि घेतली की देणाराही नाकारता येत नाही. अशा खोप्यांवर नाताळात कपडे आणि खाऊ घेऊन जाणाऱ्या मंडळीबद्दल मला आदर आहे, पण त्या भेटीने कोयत्याची किंमत बदलत नाही. जिल्ह्यात मिशनच्या शाळा आहेत, वसतिगृहं आहेत, शिकलेले पाळक आणि वकील आहेत. लेखी करार, वजनकाट्यावर मजुराचा माणूस, उचलीच्या हिशेबाची प्रत मजुराच्या हातात, हंगामात मुलांना गावीच ठेवणारं वसतिगृह आणि तिथे प्रार्थनेला बसायचं की नाही हे मुलांच्या आई-बापांनी ठरवायचं: यातलं काहीही चमत्काराचं नाही. यातल्या पहिल्या तीन गोष्टींसाठी कारखान्याच्या दारात जाऊन कोणाच्या तरी डोळ्याला डोळा भिडवावा लागतो, आणि ज्यांच्याशी भिडायचं त्यातले काही रविवारी त्याच मंडळीत वर्गणीही देत असतील.