भोक्ता कोण?

निशातगंजच्या बाजारात सकाळच्या प्रहरी कचोरी-जलेबीच्या कढईसमोर एखादा स्थूलदेही गृहस्थ दिसला, की याचा जिव्हेवर ताबा नाही, असा निवाडा पाहणाऱ्याचे मन चौकशीवाचूनच देते. आणि मेद हा असंयमाचा दस्तऐवज मानण्याची ही वहिवाट इतकी जुनी आहे, की देहात भोक्ता एकच असून तो सर्वस्वी स्वतंत्र आहे, हे तिच्या मुळाशी असलेले गृहीत आपण कधी तपासून पाहत नाही.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो, की भक्षिलेल्या अन्नाच्या सूक्ष्मतम अंशाचे मन होते, मध्यमाचे मांस आणि स्थूलाचे मल. ऋषीने त्याज्य म्हणून बाजूस सारलेल्या त्या स्थूलाच्या ठिकाणीच शास्त्राला आज फार मोठा कारभार चाललेला आढळतो. २००४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे फ्रेड्रिक बेकहेड, जेफ्री गॉर्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतुरहित वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यांत सामान्य उंदरांचे जीवाणू सोडले, तेव्हा १४ दिवसांत त्यांचा मेद सुमारे ६० टक्क्यांनी वाढला, आणि तोही खाणे घटलेले असताना! उंदरावरून मनुष्याचा सरसकट निर्णय करता येत नाही, हे खरे. परंतु त्याच वर्षी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे व जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचे उदाहरण मांडले: उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण मेद युडकिनांच्या देहात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२. यात जीवाणूंचा वाटा किती, हा प्रश्न वेगळा. मात्र ज्या डोळ्यांच्या साक्षीवर आपण फिर्याद उभी करतो, ते डोळे साक्षीस पात्र नाहीत, एवढे यावरून ठरते.

मग दोष कोणाचाच नाही, म्हणून मोकळे व्हावे काय? मला तसे वाटत नाही, कारण आतड्यातील या जीवाणूरूपी आश्रितांच्या पोटाची तजवीज आपल्याच हाती आहे. कडधान्ये व भाजीपाल्यातील तंतूंपासून ते जी आम्ले निर्माण करतात, त्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. तंतू न मिळाल्यास, उंदरांत दिसून आले आहे, की ते त्या अस्तरावरील श्लेष्माचा थरच खाऊ लागतात, आणि अस्तर दुबळे झाले की जीवाणूंच्या कवचाचे अंश रक्तात शिरून मेदपेशींच्या परिसरात मंद दाह पेटवतात, ज्याने इन्शुलिनचा अंमल क्षीण होतो. एकादशीस आपण भक्तिभावाने खातो तो साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ते वरच्या आतड्यातच बहुतांशी शोषले जाते, आणि खाली वाट पाहणाऱ्यांपर्यंत फारसे काही पोहोचत नाही. त्या दिवशी व्रताचा संकल्प आपण सोडतो, पण उपवास त्यांना घडतो.