एकाच व्हायलचे तीन आकडे

इकडे ये. प्रबंधाचं बाड राहू दे तिथंच, आधी जर्नल उघड. आणि बसू नकोस.

शेवटचं वाक्य मोठ्यानं वाच. 'दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक नाही, म्हणून यूव्ही आणि एचपीएलसी समतुल्य आहेत.' कुणी शिकवलं हे तुला? मी तर नाही.

पॅरासिटामॉलची साधी ५०० मिलिग्रॅमची गोळी. यूव्हीवर तुझे आकडे ९८.२, ९९.६, १०१.४ टक्के. एचपीएलसीवर ९९.१, ९९.३, ९९.५. सरासऱ्यांत जेमतेम अर्ध्या टक्क्याचं अंतर, टी-चाचणीला ते दिसलं नाही, आणि तू दोघांचं लग्न लावून मोकळा! अरे, तीन-तीन आकड्यांत त्या चाचणीला दिसणार तरी काय? याच आकड्यांवरून फरकाची ९५ टक्के विश्वासमर्यादा काढ. तुझं काम होतं, काल रात्री मी केलं. उणे २.२ ते अधिक ३. या गोळीला फार्माकोपियात ९५ ते १०५ टक्क्यांची मुभा आहे, त्यातले तीन टक्के पद्धतच गिळत असेल तर उरलं काय? चोर सापडला नाही म्हणून चोरी झालीच नाही, असं पंचनाम्यात लिहितात का?

थांब, खरी गोम पुढंच आहे. एफ-चाचणी केलीस, ६४ आला, तक्त्यातला आकडा ३९. मग ऐटीत लिहिलंस, 'एचपीएलसी अधिक अचूक.' आता जर्नलचं पान ४१ वाच. यूव्हीसाठी भुकटी तीनदा वजन केलीस, तीनदा कॉस्टिक सोड्यात हलवलीस, गाळलीस, दोनदा पातळ केलीस. आणि एचपीएलसीला? एकच वजन, एकच व्हायल, ऑटोसॅम्पलरनं तीनदा टोचली. ही तीन मोजमापं नव्हेत, एकाच मोजमापाचे तीन पडसाद आहेत. तू पद्धतींची तुलना केलीच नाहीस बाळा, स्वतःच्या पिपेट धरण्याची यंत्राच्या सुईशी केलीस. हरलास, त्यात नवल नाही.

मान खाली घालू नकोस, आणखी आहे. दोन्हींतला मूळ भेद तू तपासलाच नाहीस. २५७ नॅनोमीटरला शोषण मोजणाऱ्या यंत्राला नाव-गाव कळत नाही. गोळीत कॅफिन असलं तर तेही त्याच आकड्यात मिसळतं. पॅरासिटामॉल फुटून ४-अमिनोफिनॉल झालं तरी बेंझिनचं कडं शाबूतच असतं, तेही अतिनील शोषणारच. एचपीएलसीचा कॉलम त्यांना वेगळं काढतो, म्हणून तर त्याचा एवढा खर्च. तू ताजी, चकचकीत स्ट्रिप आणलीस. ताज्या गोळीत दोघं एकमेकांशी जुळणारच! थोडी भुकटी आम्लात उकळून मग दोन्हींवर चालवली असतीस, तर हा प्रबंध वाचण्यालायक झाला असता.

साध्या गोळीच्या रोजच्या तपासणीला यूव्ही पुरते, हे मीही मानतो. पण तुझ्या आकड्यांवरून नाही.

उद्या नऊला प्रयोगशाळेत. वीस गोळ्यांची एक भुकटी, सहा वेगळी वजनं, आणि प्रत्येक वजनाचा अर्क दोन्ही यंत्रांना. जोडीनं फरक काढायचे.

आणि ते 'समतुल्य'चं वाक्य खोड. एक आडवी रेघ, सही, तारीख. व्हाइटनर दिसला तर जर्नल खिडकीबाहेर जाईल.