अ‍ॅडजस्ट करा, पण सरकायचे कोणी?



बदलापूरहून सुटलेली सकाळची लोकल अंबरनाथला येईपर्यंत भरून जाते. तिघांच्या बाकाजवळ चौथा येतो आणि म्हणतो, "जरा अ‍ॅडजस्ट करा." तिघे सरकतात, चौथा अर्धामुर्धा का होईना, टेकतो. हा शब्द इंग्रजी आहे हे आपण केव्हाच विसरलो आहोत. आपल्या धर्मग्रामात कोणी घरी मराठी बोलतो, कोणी कोंकणी, कोणी मल्याळम, कोणी तमिळ. पण "अ‍ॅडजस्ट" सर्वांना समजतो.

या एका शब्दाच्या पोटात किती शब्द दडले आहेत, याचा आपण विचार केला आहे का? सरकून जागा देणे, जुळवून घेणे, सांभाळून घेणे, आहे त्यात भागवणे, तडजोड करणे, चालवून घेणे, मुकाट्याने सोसणे, प्रकरण मिटवून टाकणे. मराठीत हे शब्द वेगळे आहेत, कारण त्या कृती वेगळ्या आहेत. सरकून जागा देणे ही प्रीती आहे, अन्यायाचे प्रकरण मिटवून टाकणे हे पाप आहे. "अ‍ॅडजस्ट" म्हटले की दोन्ही एकाच पिशवीत जातात आणि आपल्याकडे नेमके काय मागितले जात आहे, हे कळेनासे होते.

या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे त्याचा अर्थ होता जवळ आणणे. पुढे लोकांनी त्याचा संबंध "न्याय्य" या अर्थाच्या दुसऱ्या लॅटिन शब्दाशी जोडला. भाषेच्या दृष्टीने ती चूक होती. पण किती अर्थपूर्ण चूक! माणसे जवळ यावीत आणि त्यांच्यात न्यायही असावा, या दोन्ही गोष्टी असतील तरच ते खरे जुळवून घेणे.

आपले उल्हासनगर असेच उभे राहिले. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले. सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींमध्ये कुटुंबे दाटीवाटीने राहिली. १९४९ साली या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना आपण कॅम्प नंबर सांगतो. सर्वस्व गमावलेल्या माणसांनी एकमेकांना जागा दिली. अशा अ‍ॅडजस्टमेंटपुढे आपण नतमस्तक व्हावे.

पण दुसरी बाजूही पाहू या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना तासन्‌तास तिष्ठावे लागले. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. ज्या लोकलमध्ये आपण रोज अ‍ॅडजस्ट करतो, ती लोकल त्या दिवशी कित्येक तास बंद राहिली. त्या वेळच्या दगडफेकीचे समर्थन करता येणार नाही. तरीही त्या संतापात एक नैतिक सत्य होते: इथे सरकून घ्यायचे नसते.

आम्ही धर्मगुरूही या दोषातून सुटलेलो नाही. नवऱ्याच्या दारूने आणि मारहाणीने गांजलेली एखादी भगिनी चर्चच्या ऑफिसात येते. संसार मोडू नये ही आमची मनापासूनची इच्छा असते. म्हणून आम्ही म्हणतो, "बाई, थोडं अ‍ॅडजस्ट कर, प्रार्थना कर." ती मान हलवून निघून जाते आणि एक घर वाचवले असे आम्हाला वाटते. खरे पाहता आम्ही तिला काय सांगितले? साध्या मराठीत, "मार खा आणि गप्प राहा." हे वाक्य उच्चारायला आमची जीभ रेटली नसती. "अ‍ॅडजस्ट"ने ते सोपे करून दिले. याबद्दल आम्ही देवाची आणि अशा भगिनींची क्षमा मागितली पाहिजे. ख्रिस्तसभेच्या धर्मकायद्याचे ११५३ वे कलम गंभीर धोक्यात असलेल्या जोडीदाराला वेगळे राहण्याची मुभा देते. विवाहाचे बंधन कायम राहते. पण मार खात राहणे हे त्या बंधनात येत नाही.

मग प्रत्येकाने आपापल्या हक्कासाठी अडून बसावे काय? तसे केले तर एकही घर टिकणार नाही. इथे संत पौल आपल्याला वाट दाखवतात. दुबळ्या भावाला अडखळण होत असेल तर मांस खाणे सोडायला ते तयार होते. तेच पौल अंत्युखियात पेत्रासमोर उभे राहिले, कारण लोकांच्या भीतीने पेत्र परराष्ट्रीय बांधवांच्या पंगतीतून उठले होते. पहिल्या प्रसंगी किंमत पौल स्वतः मोजत होते. दुसऱ्या प्रसंगी पेत्रांच्या अ‍ॅडजस्टमेंटची किंमत दुसऱ्यांना, दुबळ्यांना मोजावी लागत होती. फरक इथेच आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही प्रश्न विचारला, राग न येणे हे पाप असू शकते काय? त्यांचे उत्तर होते, होय. जिथे विवेकानुसार राग यायला हवा, तिथे तो न येणे हाही दोष आहे.

प्रभू येशूने क्रूस स्वतःच्या इच्छेने उचलला. म्हणून आपला क्रूस आपण उचलावा, दुसऱ्याने तो उचलावा असा उपदेश आपल्या सोयीसाठी करू नये.

लोकलमधली आणखी एक रीत आठवा. रोजची माणसे ठाणे आले की उठतात आणि कल्याणपासून उभ्या असलेल्याला म्हणतात, "आता तुम्ही बसा." इथे जवळीक आहे आणि न्यायही आहे, कारण पाळी बदलते. आपल्या घरात पाळी बदलते का? की सून, धाकटा भाऊ, मोलकरीण, भाडेकरू हेच नेहमी चौथ्या सीटवर?

या आठवड्यात "अ‍ॅडजस्ट कर" हे शब्द ओठांवर आले की क्षणभर थांबू या. जे म्हणायचे आहे ते मराठीत किंवा आपापल्या मातृभाषेत म्हणून पाहू या. म्हणायला लाज वाटली तर समजावे की सरकायचे आहे ते आपण.