न आलेल्या दुखण्याची साक्ष कोण देणार?

दवाखान्यांत दुखणाइताच्या उशाशीं बसणाऱ्या परिचारिकेची सेवा सर्वांस दिसते. रोगी बरा होऊन घरीं जातो व जन्मभर तिला दुवा देतो. परंतु घरोघर फिरून दुखणेंच येऊं न देणारी जी गांवची नर्सबाई, तिला दुवा कोण देतो? जो ताप आलाच नाहीं, त्याची आठवण कोणास राहणार? उलट, धडधाकट मुलास टोचून तिनें रात्रभर रडविलें, एवढेंच आईच्या लक्षांत राहतें. यावरून प्रश्न उद्भवतो कीं, निरोग्याच्या दारीं येण्याचा तिला काय अधिकार, आणि तिचें ऐकणें हें आपलें कर्तव्य आहे काय?

कित्येक म्हणतात, "मूल माझें, त्याचें बरेंवाईट मी पाहीन." हें बोलणें वरवर रास्त दिसतें. पण गोवराचा विचार करा. त्याची पहिली लस मूल ९ महिन्यांचें झाल्यावर टोचतात. दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. मग पांच महिन्यांच्या तान्ह्याचें रक्षण कोण करितें? भोंवतालचीं मुलें! शंभरांतील सुमारें ९५ जणांस दोन्ही वेळां लस मिळाली, म्हणजे रोगास पुढें जावयास वाट सांपडत नाहीं. म्हणून जें घर नर्सबाईस दारांतून परत लावितें, तें शेजारच्या पाळण्यावरचें पांघरूणच ओढून काढतें.

आतां शेजारी कोण? शिरूर तालुक्यांतील कारेगाव घ्या. रांजणगांवची औद्योगिक वसाहत जवळ असल्यामुळें तेथें दूरदूरचीं कामकरी कुटुंबें भाड्याच्या खोल्यांत राहतात. आज येथें, उद्यां दुसरीकडे. अशा कुटुंबाच्या बाळाचें नांव गांवच्या यादींत नसेल. पण गोवर यादी वाचून येत नाहीं. ज्या परिचारिकेनें त्या खोलीचें दार ठोठावलें, तिनें जुन्या गांवकऱ्यांच्या मुलांसही राखलें. दयाळू शोमरोन्यानें वाटेवर पडलेल्यास उचललें. ही तर कोणी पडूंच नये म्हणून आधीं वाटेनें चालते.

हें काम केवळ औषधानें होत नाहीं. ह्याच तालुक्यांत वढू बुद्रुक येथें डॉ. बानू कोयाजी ह्यांनीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातर्फें, आणि जामखेड येथें १९७० सालापासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें, गांवच्याच स्त्रियांस शिकवून आरोग्यसेविका केलें. कारण परक्या पंडितापेक्षां ओळखीच्या बाईला दार लवकर उघडतें.

तेव्हां बंधुभगिनींनो, तिच्या कामाचा अर्धा भार आपला आहे. मुलाच्या लसीचें कार्ड जपून ठेवा. घराजवळ नवें कुटुंब आलें तर तिला कळवा. साठविलेल्या पाण्याचीं भांडीं आठवड्यास कोरडीं करा. ती उन्हांतून आली तर तिला बसावयास पाट व प्यावयास पाणी द्या. न आलेलें दुखणें साक्ष देऊं शकत नाहीं. ती साक्ष, ज्यांचीं मुलें आज अंगणांत खेळत आहेत, त्यांनींच दिली पाहिजे.