मळ जातो कोठे?

मलिन पाणी शुद्ध झाले असे आपण म्हणतो तेव्हा त्यातील मळ खरोखर नाहीसा झालेला असतो, की केवळ आपल्या दृष्टीआड गेलेला असतो, हा प्रश्न आमच्या शुद्धिविचाराने पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. प्लास्टिकला मार्दव यावे म्हणून त्यात मिसळलेली थॅलेट द्रव्ये प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जखडलेली नसल्यामुळे हळूहळू पाझरून पाण्यात उतरतात. आणि कोळशाच्या गाळणीने ती धरली, तरी पाण्याच्या खात्यावरचा मळ कोळशाच्या खात्यावर वर्ग होतो, इतकाच काय तो फेरफार. बाकी बेबाक होत नाही.

टायटॅनियम डायॉक्साइडच्या विद्युदग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन होते, असे जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी 1972 साली प्रसिद्ध केले. त्या वाटेने पुढे निघालेली शुद्धिक्रिया या दृष्टीने विलक्षण होय; कारण अतिनील किरणांनी जागृत झालेला हा पांढरा उत्प्रेरक पाणी व प्राणवायू यांपासून असे उग्र कण निर्माण करतो, की ते थॅलेटाचे रेणूच फोडीत फोडीत अखेरीस कार्बन डायॉक्साइड आणि पाणी एवढेच शिल्लक ठेवतात, आणि उत्प्रेरक स्वतः मात्र खर्ची पडत नाही. येथे कोणास निष्काम कर्मयोग्याची आठवण झाली तर मी त्याला हसणार नाही. पण पृष्ठभागावर घाण बसली म्हणजे या योग्याचेही तेज मंदावते, हे त्याने ध्यानात ठेवावे. शिवाय क्रिया अर्ध्यावर थांबली तर मधली द्रव्ये पाण्यातच राहतात, आणि अशा अर्ध्या शुद्धीला शुद्धी म्हणण्यास मी तयार नाही.