कान कुठे गहाण ठेवलेत?

उत्तरपत्रिका वाटण्याआधी दार लावून घ्या. शेजारच्या वर्गाला ऐकू गेलं तर अब्रू माझी नाही, तुमची जाईल.

सराव परीक्षेत एक साधा प्रश्न होता. ‘लव्ह’ या शब्दाशी यमक जुळणारे दोन शब्द लिहा आणि त्यांचे अर्थ द्या. जवळजवळ अख्ख्या वर्गाने लिहिलं, ‘मूव्ह’ आणि ‘प्रूव्ह’. शेवटी ओ-व्ही-ई दिसलं, उतरवलं, पुढच्या प्रश्नाला लागलात. एकानेही ते शब्द तोंडाने म्हणून बघितले नाहीत. म्हणा आता. लव्ह. मूव्ह. जुळतंय कुठे? ‘ग्लव्ह’ जुळतो, म्हणजे हातमोजा. ‘डव्ह’ जुळतो, म्हणजे कबुतर. ‘अबव्ह’ जुळतो, तो तर तुम्ही प्राथमिक शाळेपासून वापरताय. मूव्हचं जमतं प्रूव्हशी आणि ‘ग्रूव्ह’शी. ग्रूव्ह म्हणजे खाच किंवा चर, आणि त्यात ओ दोन आहेत. म्हणजे तुमचे दोन शब्द आपसांत झकास जुळतात, फक्त मी विचारलेल्या शब्दाशी त्यांचा काही संबंध नाही.

हसू नकोस. तुझ्या पेपरात तर ‘कोम’, ‘टूम’ आणि ‘बॉम’ एका ओळीत बसवले आहेत. शेवटी ओ-एम-बी दिसलं ना, झालं. सी लावला की कंगवा, त्याचं यमक ‘होम’शी आणि ‘रोम’शी. टी लावला की थडगं, ते ‘रूम’शी आणि ‘ब्रूम’शी. बी लावला की तो फुटणारा, त्याचं जमेल ‘टॉम’शी. आणि तिन्ही शब्दांत शेवटचा बी मुका आहे. मराठी बोलताना बॉम्ब म्हणा, खुशाल म्हणा, मी अडवणार नाही. पण इंग्रजी कविता वाचताना तो बी गिळायचा. ‘थम’मधला गिळायचा, म्हणजे अंगठा. ‘क्रम’मधलाही, म्हणजे पावाचा कण. तुम्ही तो बी दाताखाली फोडता, आणि मग ‘कम’ आणि ‘ड्रम’ हे शब्द त्या अंगठ्याशी जुळतात हे तुम्हाला मेलं तरी कळत नाही.

ही खोड कुठून आली ते मला ठाऊक आहे. आपली देवनागरी लाडावून ठेवणारी आहे. जे लिहिलं ते वाचलं. चाकातला च आणि चिमटीतला च असले थोडे अपवाद सोडले, तर मराठीत यमक डोळ्यांनी शोधलं तरी चालून जातं. म्हणून कानाला काम उरलं नाही. तेच आळशी कान घेऊन तुम्ही इंग्रजीत शिरता आणि तोंडघशी पडता.

मागे कोणीतरी पुटपुटलं, ‘बाई, पण शेक्सपिअरनेही असंच जुळवलंय.’ उभा राहा. शाब्बास, निदान तू वाचलंस. एकशे सोळाव्या सुनीताच्या शेवटच्या दोन ओळींत ‘प्रूव्ह’ आणि ‘लव्ह’ यांचीच भूतकाळी रूपं जुळवलेली आहेत, खरं आहे. पण ती सुनीतं छापली गेली १६०९ साली. तेव्हाच्या लंडनमध्ये ते दोन्ही शब्द आखूड स्वराने म्हणत असावेत, असं डेव्हिड क्रिस्टल हे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. २००४ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली लंडनच्या ग्लोब रंगमंदिराने ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ जुन्या उच्चारांत करून दाखवलं होतं. शेक्सपिअरने कानाने जुळवलं होतं. त्याच्यामागून भाषेचा आवाज बदलला आणि यमक कागदावर तेवढं राहिलं. पुढच्या कवींनी जुन्यांचा मान राखत असली डोळ्यांची यमकं चालू ठेवली. त्यांना ते माहीत होतं. तुला ते माहीत नव्हतं, तू स्पेलिंग बघून ठोकलंस. बस खाली.

आवाज का बदलला, हेही ऐका, कारण तुमच्या गाईडात ते मिळणार नाही. विल्यम कॅक्सटनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि शब्दांची स्पेलिंगं हळूहळू गोठायला लागली. नेमक्या त्याच काळात, साधारण १४०० ते १७००च्या दरम्यान, इंग्रजीचे दीर्घ स्वर आपापली जागा सोडून हलत होते. ‘नेम’ हा शब्द त्याआधी जवळपास ‘नाम’ असा म्हणत. हो, आपल्या नामासारखाच. ‘टाइम’ होता ‘टीम’च्या जवळ, ‘हाउस’ होता ‘हूस’. ऑटो येस्परसन या डॅनिश पंडिताने पुढे या उलथापालथीला ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ असं नाव दिलं. स्वर निघून गेले, अक्षरं तिथेच राहिली. तुम्ही त्या रिकाम्या अक्षरांची यमकं लावत बसलाय.

ओ-यू-जी-एच घ्या. या चार अक्षरांनी तुमच्या निम्म्या वर्गाचे गुण खाल्ले. ‘दो’ म्हणजे जरी, जुळतो ‘गो’शी. ‘थ्रू’ म्हणजे मधून, आरपार, जुळतो ‘ब्लू’शी. ‘टफ’ आणि ‘रफ’ जुळतात ‘स्टफ’शी. खोकल्याचा ‘कॉफ’ जुळतो ‘ऑफ’शी. झाडाच्या फांदीचा ‘बाउ’ जुळतो गाईच्या ‘काउ’शी. त्यातल्या जी-एचचा पूर्वी घशातून एक खरखरीत आवाज निघायचा, जर्मनमध्ये तो अजून आहे. इंग्रजांच्या घशातून तो गेला. काही शब्दांत जाताना फ ठेवून गेला, काहींत काहीच ठेवलं नाही. यात नियम शोधू नका. प्रत्येक शब्द ऐकायचा आणि म्हणायचा, दुसरा इलाज नाही.

आता खऱ्या दुखण्याकडे येते, अर्थाकडे. प्रश्नाचा तो अर्धा भाग तुम्ही कोरा सोडलात, जणू मी तो शोभेला लिहिला होता. लहानपणापासून ‘पेन, टेन, हेन, डेन’ असं तालात म्हणत आलात. डेन म्हणजे काय? कोणी सांगेल? शांतता. डेन म्हणजे श्वापदाची गुहा. इतकी वर्षं गुहेत ये-जा चालली आहे आणि कुठे आलोय याची दाद नाही. काही दीडशहाण्यांनी लिहून ठेवलंय, ‘यमकाला अर्थाची गरज नसते.’

नसते? फळ्याकडे बघा. टी-ई-ए-आर. याचं यमक सांगा. सांगता येणार नाही, कारण मी अजून अर्थ सांगितलेला नाही. डोळ्यांतलं पाणी असेल तर तो ‘टिअर’, जुळेल ‘फिअर’शी आणि ‘निअर’शी. फाडणं असेल तर ‘टेअर’, जुळेल ‘केअर’शी आणि ‘चेअर’शी. आर-ई-ए-डी आज वाचलं तर ‘नीड’शी जुळतं, काल वाचलं असेल तर ‘बेड’शी. एल-आय-व्ही-ई म्हणजे जगणं, राहणं, तर यमक ‘गिव्ह’शी. सामना थेट दाखवतात तो ‘लाइव्ह’ असेल, तर ‘फाइव्ह’शी. डब्ल्यू-आय-एन-डी हा वारा असेल तर एक उच्चार, घड्याळाला चावी देणं असेल तर दुसरा, आणि तो दुसरा ‘काइंड’शी जुळतो. आधी ओळ कळावी लागते, मग आवाज कळतो, मग यमक. तुम्ही शेपटाकडून सुरुवात करता.

आणि अर्थाची गरज नसते हे मराठी माणसाने लिहावं, याची मला जास्त लाज वाटते. आपल्या जुन्या अलंकारशास्त्रात यमक कशाला म्हणतात? तीच अक्षरं, त्याच क्रमाने, पुन्हा यावीत, आणि दोन्ही ठिकाणी अर्थ असेल तर तो वेगळा असावा. गळ्यातला हार आणि सामन्यातली हार. अर्थ व्याख्येतच बसलेला आहे. बारामतीच्या मोरोपंतांनी आयुष्यभर आर्यांमधून हाच खेळ मांडला. इंग्रजी कवी मात्र याला यमक मानायला कुरकुरतात. समुद्राचा ‘सी’ आणि बघण्याचा ‘सी’ जुळवला तर ते नाक मुरडतात, म्हणतात स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळं हवं. फ्रेंचांना असं संपूर्ण सारखं यमक श्रीमंतीचं वाटतं. कोणाचं बरोबर, यावर मी इथे वेळ घालवणार नाही. पण परीक्षा इंग्रजीची आहे, तेव्हा ‘सन’ला ‘सन’ लिहून, एक सूर्य आणि एक मुलगा असा खुलासा देऊन गुण मागायला येऊ नका.

‘रनिंग’ला ‘ईटिंग’ लिहिणारे हात वर करा. एवढे? यमक जोर पडतो त्या स्वरापासून सुरू होतं, शेवटच्या ‘इंग’पासून नाही. ‘रनिंग’ला ‘कनिंग’ लागतो, म्हणजे धूर्त. ‘ईटिंग’ला ‘मीटिंग’ लागतो. नुसत्या ‘इंग’वर निभावणारे मराठीत ‘करतो’ला ‘पळतो’ जोडून स्नेहसंमेलनात कविता वाचतात, आणि आपण टाळ्या वाजवतो. तेही बंद करायला हवं, पण ते मराठीच्या सरांचं काम.

‘ऑरेंज’ला कोणीतरी ‘चेंज’ लिहिलंय. जोर पहिल्या स्वरावर, शेवटचा स्वर आखूड, कुठून जुळेल? या शब्दाला नेहमीच्या इंग्रजीत यमक नाहीच. वेल्समध्ये ब्लॉरेंज नावाचा एक डोंगर आहे, तो सोडला तर हात रिकामेच. ‘यमक नाही’ एवढं लिहिलं असतंत तरी मी पूर्ण गुण दिले असते. पण कोरं सोडायला धीर लागतो, आणि ‘नाही’ लिहायला त्याहून जास्त.

‘शिप’ला ‘कीप’ लिहिणाऱ्यांनो, जहाज ‘लिप’शी जुळतं, मेंढी ‘कीप’शी. ऱ्हस्व-दीर्घ मराठीच्या पेपरापुरतं असतं असं कोणी सांगितलं? ‘मला इथे राहायचंय’ म्हणताना तुमच्या तोंडून ‘लीव्ह’ निघतं, म्हणजे मला जायचंय. ऐकणारा दार उघडून देईल.

बालवाडीपासूनच हे सुरू होतं म्हणा. इंग्रजी मुळाक्षरांचं ते गाणं अमेरिकेतलं, १८३५ साली बॉस्टनमध्ये त्याची नोंद झाली. शेवटच्या अक्षराला अमेरिकन ‘झी’ म्हणतात आणि तिथेच त्याचं यमक बसतं. आपण ब्रिटिशांचा ‘झेड’ म्हणतो आणि गाणं मात्र तेच गातो. यमक तिथे धाडकन आपटतं. सबंध महाराष्ट्रातली पोरं रोज ते आपटवतात आणि कोणाच्याच कानाला खटकत नाही.

आणि लंडनच्या ईस्ट एंडमधले फेरीवाले बघा. कितीकांना अक्षरओळख नव्हती, पण यमकांची अख्खी चोरभाषा त्यांच्या तोंडी होती. ‘स्टेअर्स’ म्हणजे जिना, त्याला म्हणायचे ‘ॲपल्स अँड पेअर्स’. ‘लुक’ला ‘बुचर्स हुक’, आणि मग त्यातला जुळणारा हुक टाकून देऊन नुसतं ‘बुचर्स’. खाटकाचं नाव घेतलं की समोरच्याने समजायचं, बघ म्हणतोय. १८५९ साली जॉन कॅमडन हॉटन याने आपल्या कोशात असले शब्द छापले. यमक ज्या शब्दात आहे तोच गाळायचा आणि तरी समोरच्याला कळायचं. स्पेलिंगशी ज्यांचा संबंध नाही त्यांना हे जमलं, आणि तुम्हाला शब्दकोश, मोबाइल आणि शिकवणी असून ‘लव्ह’ जमत नाही.

आता शिक्षा. जेरार्ड नोल्स्ट ट्रेनिटे नावाचे एक डच शिक्षक होते, म्हणजे इंग्रजी परकीच असलेले, तुमच्यामाझ्यासारखे. त्यांनी एकाच धर्तीची स्पेलिंगं आणि वेगवेगळे उच्चार यांची लांबलचक कविता रचली, ‘द केऑस’, १९२० साली छापली. सोमवारी प्रत्येकाने तिच्यातल्या दहा ओळी मोठ्याने वाचायच्या. आणि त्या ओळींतल्या शब्दांचे अर्थ सांगायचे, मराठीत. मी पुस्तक बंद करून बसणार आहे, त्यामुळे बोट ठेवून दाखवलेलं मला दिसणार नाही. जो अडखळेल त्याने घरून शब्दकोशात उच्चार बघून यायचं आणि मंगळवारी पुन्हा वाचायचं. आई-वडिलांची सही नको, त्यांना कशाला ताप.

आणि तू, तिसऱ्या बाकावरच्या, मान खाली घालून वहीत काय उतरवून घेतेस? पेन ठेव. उभी राहा आणि तेच मोठ्याने म्हण.